अस्सल डुक्कर, नग एक

प्रतिमा संवर्धन कार्यालयाच्या बागियो शाखेत सोमवारी जे परिपत्रक फिरलं, त्यात नऊ मुद्दे होते. चौथा असा: 'उद्घाटन विधीसाठी इगोरोत वृद्ध, नग तीन. वर्ण सावळा, उंची शक्यतो पाच फुटांच्या आत, अनवाणी.' पाचवा त्याहून थोडक्यात होता: 'डुक्कर, अस्सल, नग एक.'

नोएमी वाकितने ते दोनदा वाचलं आणि सही करून पुढच्या टेबलावर सरकवलं. तिची उंची पाच फूट सहा इंच. गाल किबुंगानच्या थंडीने लहानपणीच लाल करून ठेवलेले, पायात बूट. आई इगोरोत, बाप इगोरोत, चारही आजी-आजोबा इगोरोत. त्यांच्या मागे जितकी नावं तिच्या मामाला, लाकाय बिलागला, पाठ होती, तितकी सगळी इगोरोत. कार्यालयात ती सहा वर्षं कंत्राटी होती. इगोरोतांची, म्हणजे इथल्या डोंगरी आदिवासींची, प्रतिमा कशी असावी यावरचे अहवाल ती टाइप करत असे, आणि दर सहा महिन्यांनी तिचं कंत्राट वाढत असे. यंदा मात्र तिला कायम करण्याचा कागद निघाला होता. तो डायरेक्टर पुन्सालान यांच्या टेबलावर निळ्या फायलीत पडून होता. सही कार्यक्रम पार पडल्यावर होणार होती.

कार्यक्रम म्हणजे 'इगोरोत अनुभव केंद्रा'चं उद्घाटन. सिमेंटची पाच घरं, वर प्लास्टिकचं गवत. मनिलाहून उपमंत्री मॅडम अर्रास्तिया फीत कापायला येणार होत्या.

डायरेक्टरसाहेबांनी नोएमीला बोलावून घेतलं.

"नोएमी, तू त्या वरच्या डोंगरातलीच ना? तुझ्या ओळखीत एखादा इगोरोत असेल."

"मीच आहे, सर."

"तसं नाही. खरा."

साहेबांना वाटलं, ती दुखावली.

"अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. तू तशी दिसत नाहीस, असं म्हणतोय मी. कौतुकच आहे हे."

हे कौतुक तिला नवं नव्हतं. मनिलाच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीने तिला हळूच विचारलं होतं, "तुम्हा लोकांना शेपूट असते म्हणतात, खरं का?" नोएमी म्हणाली होती, "असते. पण इथल्या उकाड्यात सोसत नाही, म्हणून घरी ठेवून आले." ती मुलगी पुढचे दोन महिने तिच्याशी फार जपून वागली.

"माझा मामा आहे, सर," ती म्हणाली. "लाकाय बिलाग. कान्यावचा विधी तोच करतो. पूर्वजांना हाका मारतो, कापलेल्या डुकराच्या पित्ताची पिशवी बघून शकुन वाचतो."

"म्हणजे टोळीचा सरदार!"

"आमच्यात सरदार नसतो, सर. म्हाताऱ्यांची बैठक असते. तिथे सगळे एकदम बोलतात आणि थकले की निर्णय होतो."

"निमंत्रणपत्रिकेवर सरदार लिही," साहेब म्हणाले. "बैठक कोणाला कळणार?"

गुरुवारी लाकाय बिलाग पाहणीसाठी आला. कोबीने भरलेला ट्रक त्याने कार्यालयाच्या दारातच लावला. गाडीत अमेरिकन गुराख्यांचं कुठलंसं रडकं गाणं वाजत होतं, ते संपेपर्यंत तो उतरलाच नाही. मग उतरला. डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगात डेनिमचं जाकीट, पायात टोकदार बूट आणि कमरेला बशीएवढं बक्कल. त्याच्या पंचक्रोशीतले सगळे म्हातारे असेच दिसतात. पण साहेब पंचक्रोशीतले नव्हते.

"हे कोण?"

"इगोरोत वृद्ध, नग एक, सर. दुसरे दोघे परवा येतील. एकाला आज दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"हा तर टेक्सासचा वाटतो!"

लाकायने टोपी काढली आणि शुद्ध इंग्रजीत सांगितलं की आपल्याला भेटून आनंद झाला, फक्त बाहेरची पार्किंगची व्यवस्था सुधारायला हवी. साहेबांनी कानांवर हात ठेवायचेच बाकी ठेवले.

"याला इंग्रजी येतं?"

"एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, सर."

"स्टेजवर अजिबात नको. इंग्रजी नाही, तागालोग नाही. आपल्या भाषेत बोलू दे. तू शेजारी उभी राहून भाषांतर कर. लोकांना थोडं गूढ वाटलं पाहिजे."

लाकायने नोएमीकडे बघितलं आणि आज्ञाधारकपणे तेवढ्यापुरता कांकानाय भाषेवर आला. "पोरी, तुझ्या साहेबाला विचार, कान्याव पाहिजे की कान्यावचं नाटक? नाटक असेल तर काही हरकत नाही. म्हणेल तर लंगोट लावून नाचतो, त्याला कोंबडीसुद्धा लागत नाही. पण खरा पाहिजे असेल तर तो मध्ये सोडता येत नाही. पित्त वाईट निघालं तर दुसरं डुक्कर. तेही वाईट तर तिसरं. आणि चांगलं निघेपर्यंत त्या घरात कोणी पाऊल टाकायचं नाही. हे सगळं नीट सांग. नंतर माझ्या नावाने बोंब नको."

नोएमीने शब्दन् शब्द सांगितला. साहेब मोबाइलवर फुलांच्या कमानीचा फोटो बघत होते.

"खरा. मॅडमना सगळं अस्सल हवंय," ते म्हणाले, आणि तिने पुढे केलेल्या टिपणावर 'मंजूर' लिहून मोकळे झाले.

तेवढ्यात निविदेतलं डुक्कर आलं. गुलाबी, धष्टपुष्ट, आंघोळ घातलेलं. लाकाय त्याच्याभोवती एक फेरी मारून आला.

"हे परत पाठव."

"का म्हणतायत ते?" साहेबांनी विचारलं.

"काळं गावठी डुक्कर लागतं, सर. पूर्वज याला ओळखणार नाहीत."

"फोटोत गुलाबी छान दिसतं!"

"पूर्वज फोटो बघत नाहीत, सर."

अखेर तडजोड झाली. लाकाय आपलं काळं डुक्कर आणणार, आणि गुलाबी डुक्कर शोभेसाठी मागे गाडीत राहणार.

शनिवारी सकाळी नऊ वाजता बागियोत अकरा अंश तापमान होतं. केंद्राच्या फाटकावर दोनशे छापील पास तपासायला दोन पहारेकरी उभे होते. साडेनवाला आवारात सहाशे माणसं होती आणि बहुतेकांच्या हातात रिकामी प्लास्टिकची पिशवी होती. कान्यावला आमंत्रण देत नाहीत. डुक्कर कापायचंय हे कळलं की माणूस येतो, आणि आलेल्या प्रत्येकाला मटणाचा वाटा द्यावाच लागतो. भाजी मंडईत ही बातमी शुक्रवारीच पोचली होती.

"पास कुठायत यांचे?" साहेब पहारेकऱ्यावर ओरडले.

"कसला पास?" पहारेकऱ्याऐवजी एका म्हातारीनेच विचारलं. "डुक्कर कापताय ना? का नुसतंच भाषण आहे?"

पहारेकरी बोंतोकचा, म्हणजे डोंगरातलाच होता. त्याने दोन्ही फाटकं उघडून दिली आणि नोएमीला बाजूला घेऊन, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं, विचारलं, "मनांग, वाटणी साधारण किती वाजता?"

स्टेजवर चार 'इगोरोत योद्धे' कुडकुडत उभे होते. खालच्या सपाटीवरच्या कॉलेजातली ही नाटकवाली मुलं. परिपत्रकातला वर्ण जमावा म्हणून त्यांना तपकिरी रंग फासला होता. एकाला सारख्या शिंका येत होत्या आणि प्रत्येक शिंकेसरशी भाला हलत होता. उपमंत्री मॅडमनी मायेने त्याला जवळ घेतलं. त्यानंतर दिवसभर त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर पाच तपकिरी बोटं होती. मॅडमना ती फार उशिरा दिसली. बाकी सगळ्यांना लगेच दिसली.

लाकाय आणि दोघे म्हातारे मात्र व्यवस्थित आले होते. विणलेली चादर खांद्यावर, कमरेला लंगोट. बूट काढले होते, पण लाकायचा चष्मा तसाच होता. तो काढा म्हणून साहेबांनी खूण केली तेव्हा लाकायने नोएमीमार्फत कळवलं की चष्म्याशिवाय त्याला पित्त काय, डुक्करही दिसत नाही.

मॅडमनी भाषण केलं. "तुम्ही निसर्गाची लेकरं आहात," त्या म्हणाल्या. "जगाच्या कपटाचा तुम्हाला स्पर्श नाही." पहिल्या रांगेतल्या लेकरांत दोन वकील होते, हाँगकाँगहून सुट्टीवर आलेली एक नर्स होती आणि जमिनीच्या दाव्यात सख्ख्या भावाला चौदा वर्षं कोर्टात खेचणारा एक कंत्राटदार होता. त्याने सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

मग पितळी थाळ्या वाजल्या. लाकायने पूर्वजांना एकेक करून हाका मारल्या, तांदळाच्या दारूची वाटी पुढे केली, स्वतःही एक घोट घेतला. डुकराचं काम रीतीप्रमाणे झालं. मॅडमनी तेवढा वेळ डोंगराकडे बघितलं. लाकायने पोट उघडलं, यकृत बाजूला केलं आणि वाकला. दुसरे दोघे म्हातारेही वाकले. तिघांची डोकी एकत्र आली. बराच वेळ ती तशीच राहिली.

नोएमी अगदी शेजारी होती. तिलाही दिसलं. चांगलं पित्त टपोरं असतं, भरलेलं, यकृताबाहेर डोकावणारं. हे सुकलेल्या शेंगेसारखं चपटं होतं आणि यकृताखाली तोंड लपवून बसलं होतं. वाचायला लाकाय लागत नव्हता. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या लांबूनच माना हलवत होत्या.

लाकाय सरळ उभा राहिला. "पित्त वाईट आहे," तो कांकानायमध्ये म्हणाला. "घर तयार नाही. आत कोणी जायचं नाही. दुसरं डुक्कर आणा."

"काय म्हणतात सरदार?" मॅडमनी हसत विचारलं.

साहेब नोएमीच्या मागेच होते. त्यांच्या हातात कात्रीचं तबक होतं, आणि त्यांना कांकानाय येत नसलं तरी माणसांचे चेहरे वाचता येत होते. "नोएमी," ते कुजबुजले, "निळी फाईल माझ्या टेबलावरच आहे हं."

नोएमीने माइक तोंडाजवळ नेला.

"लाकाय म्हणतात, पूर्वज प्रसन्न आहेत."

टाळ्या फक्त पाहुण्यांच्या मांडवातून आल्या. समोरच्या सहाशे माणसांतल्या जवळपास सगळ्यांना दोन्ही भाषा येत होत्या. लाकायला तर तीन येत होत्या. त्याने फक्त चष्मा काढला, चादरीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावून तिच्याकडे बघितलं. वर्गात एखाद्या पोराने सातआठे चोपन्न म्हटल्यावर तो असाच बघायचा आणि पोराला आपणहून दुरुस्त करायला वेळ द्यायचा.

पहिल्या रांगेतली ती फाटकावरची म्हातारी बोलली. आवाज चढवला नव्हता, तरी सगळीकडे ऐकू गेला.

"नोएमी, तुझ्या बापाचं घर बांधलं तेव्हा पित्त कोणी वाचलं होतं गं?"

लाकायनेच वाचलं होतं. नोएमी नऊ वर्षांची होती. पहिलं वाईट निघालं, दुसरंही वाईट. नवं कोरं घर समोर उभं असताना सगळं कुटुंब अकरा दिवस शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात झोपलं होतं. बाप रोज सकाळी उठून आपल्याच दाराकडे बघायचा, पण उंबऱ्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. तिसऱ्या डुकराचं पित्त चांगलं निघालं तेव्हा आई रडली होती.

मॅडमनी कात्री उचलली होती.

"थांबा, मॅडम," नोएमी माइकवर म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं. पित्त वाईट आहे. लाकाय म्हणतात, घर तयार नाही, आत कोणी जायचं नाही. दुसरं डुक्कर लागेल."

समोरून एक मोठा हुंकार उठला. साहेब पुढे आले, दात दाखवत.

"मॅडम, या लोकांची ही अशी गंमत असते. आपण कापा."

पण मॅडमचा हात फितीवर पोचलाच नाही. त्यांनी वास्तूच्या दिशा बघून मुलाचं लग्न दोनदा पुढे ढकललं होतं आणि गाडीच्या नंबरची बेरीज आठ यावी म्हणून एका खात्याला तीन महिने कामाला लावलं होतं. त्यांनी कात्री तबकात ठेवली, अगदी हळू, जणू तीच चावणार होती.

"पुन्सालान, तुम्हीच लिहिलं होतं ना, विधी अस्सल आहे?"

"हो, पण मॅडम, हे डुकराचं पित्त आहे!"

"मला सिनेटला उभं राहायचंय. मी नाही जायची त्या घरात."

"मॅडम, दुसरं डुक्कर आहे!" साहेबांना एकदम आठवलं. "तयार आहे! गाडीत आहे!"

गुलाबी डुक्कर खाली उतरवण्यात आलं. सहाशे माणसं इतकी हसली की शिंकणाऱ्या योद्ध्याच्या हातून भाला पडला. लाकायने मान हलवली.

"काळं किबुंगानहून आणावं लागेल," नोएमीने सांगितलं. "चार तास जायला, चार यायला."

मॅडमना दोन वाजता निघायचं होतं. गाडीकडे जाता जाता त्या नोएमीपाशी थांबल्या.

"तू धीट आहेस. तूही यांच्यातलीच का? तू इगोरोत वाटत नाहीस."

नोएमीच्या आधी लाकायच बोलला. सुरेख, घोटीव तागालोगमध्ये.

"तुम्हीही उपमंत्री वाटत नाही, मॅडम. पण आम्ही असं कोणाच्या तोंडावर बोलत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे हात डुकराचा होता आणि अवलक्षण सरकारी खर्चाने झालं होतं.

मटणाची वाटणी मात्र रीतसर झाली, कारण पित्त कसंही निघालं तरी आलेला माणूस उपाशी जात नाही. एका डुकरात सहाशे माणसं म्हणजे वाटा अंगठ्याएवढा आला, पण कोणी कुरकुरलं नाही. डायरेक्टरसाहेबांचाही वाटा काढला होता. बांबूच्या काडीला टोचलेला तो तुकडा पहारेकऱ्याने त्यांच्या हातात दिला, तेव्हा ते न कापलेल्या फितीसमोर उभे होते. काडी कुठे ठेवायची हे न समजल्याने ती त्यांच्या हातात बराच वेळ राहिली.

सोमवारी निळी फाईल नोएमीच्या टेबलावर आली. कायम करण्याच्या कागदावर सहीच्या जागी शेरा होता: 'सदर कर्मचाऱ्याचे वर्तन इगोरोत प्रतिमेस अनुरूप नाही. कंत्राट वाढवू नये.' खाली तारीख आणि शिक्का. त्याच दुपारी नोटीसबोर्डावर तिच्या जागेची जाहिरात लागली. पात्रतेत तिसरी अट होती: 'उमेदवार इगोरोत दिसणे आवश्यक.'

नोएमीने ड्रॉवरमधला चहाचा कप आणि छत्री पिशवीत भरली, बोर्डासमोर उभं राहून जाहिरात वाचली, तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सवयीने पेनाने दुरुस्त केल्या, आणि किबुंगानची बस पकडली.

केंद्र 'तांत्रिक कारणास्तव' बंद असल्याचं पत्रक निघालं. हे तांत्रिक कारण दिवसेंदिवस वाढत गेलं. आत झाडायला बाई जाईना. राहिलेला रंग द्यायला रंगारी जाईना. वीजवाला दारापर्यंत आला, शनिवारी काय झालं ते पहारेकऱ्याकडून ऐकलं, आणि त्याची शिडी एकदम आखूड पडली. हे सगळे गावचेच लोक. सपाटीवरून मजूर आणले, तर त्यांनी तासाभरात मंडईत चौकशी केली आणि दुप्पट घाबरून परत गेले. सिमेंटच्या पाच घरांत एक गुलाबी डुक्कर तेवढं निर्धास्त फिरत होतं. निविदेत ते परत करण्याची तरतूद नव्हती.

सतराव्या दिवशी नोएमी कोबीच्या वाफ्यात असताना फोन वाजला.

"नोएमी? पुन्सालान बोलतोय. कशी आहेस?"

"बरी आहे, सर."

"हे बघ, झालं गेलं विसरून जा. लाकायना सांग, पित्त आता चांगलं आहे असं नुसतं एका कागदावर लिहून द्या. मी मसुदा पाठवतो."

नोएमीने फोनवर हात ठेवून बांधावर बसलेल्या लाकायला ते सांगितलं. लाकाय बुटांतली माती काढत होता.

"म्हणावं, मी सही करीन. पण आधी डुकराची सही आण."

"ते म्हणतात, कागदाने होत नाही, सर. डुकरालाच विचारावं लागतं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"बरं. दुसरं डुक्कर घेऊ. काळं घेऊ. आणि तुझी फाईल... ती माझ्याकडेच आहे. शेऱ्यावर दुसरा शेरा मारता येतो. फक्त या वेळी भाषांतर जरा..." साहेब शब्द शोधत होते. "जरा सकारात्मक."

नोएमीने हातातल्या कोबीची बाहेरची दोन सडकी पानं काढून टाकली.

"सर, लाकाय म्हणतील तेच मी सांगीन. फाईल तुम्ही ठेवा. सही करायची असेल तर विधीच्या आधी करा, नाहीतर करूच नका. नंतरची सही मी घेणार नाही."

"आणि दुसऱ्याचंही पित्त वाईट निघालं तर?"

"तर तिसरं, सर. आणि या वेळी पास छापू नका. हजारभर लोक येतील."

फोन बंद झाला. साहेब सही करतील की नाही, तिला सांगता येत नव्हतं. ते पित्त अजून उघडलं नव्हतं.

"येतोय का?" लाकायने विचारलं.

"येईल बहुतेक. पण तुम्हाला कुठून मिळणार इतकी काळी डुकरं? गावात पाच-सहाच उरलीत."

लाकायने बूट पायात चढवले आणि घरामागच्या गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे तीन काळी डुकरं वेगळी बांधली होती. त्यांच्यापुढे रताळ्याचा पाला टाकलेला होता. दोऱ्या जुन्या दिसत होत्या, म्हणजे बांधून बरेच दिवस झाले असावेत.

"हे कधीपासून?"

"त्याने 'मंजूर' लिहिलं ना, त्या दिवसापासून," लाकाय म्हणाला, आणि ट्रकमधलं गाणं लावायला निघून गेला.